गारठ्याची भट्टी

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांनी गारठा म्हणावं यात नवल नाही. नवल हे, की ते नाव त्याला मापून शिवल्यासारखं बसत होतं. अंगाने सडपातळ, बोटं बारमाही गार, आणि बोलणं इतकं संथ की तावातावाने भांडायला आलेलं गिऱ्हाईक दारातच निवायचं. बायको त्याला अर्थातच "अहो" म्हणे, पण भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारताना "गारठा आहे का घरात?" असंच विचारत आणि तीही "मागे शेडमध्ये आहेत" असं सरळ सांगून टाके.

मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. तिथे दारं काढलेले फ्रीज ओळीने उभे असत, दंतवैद्याकडे तोंड उघडून बसल्यासारखे. गारठ्याचा उभा जन्म एकाच शत्रूशी लढण्यात गेला होता: गळती. नळीतून गॅस गळता कामा नये, दारातून गारवा गळता कामा नये, रबराच्या फटीतून हवा आत शिरता कामा नये. ही सवय त्याने घरीही आणली होती. खिडकीला बारीकशी फट दिसली की हा तिथे बोट फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी ती फट नाहीशी झालेली असे. "आमच्याकडे वारासुद्धा अर्ज करून आत येतो," असं बायको सांगत असे.

गिऱ्हाइकांना तो एकच उपदेश करी, पण तो न चुकता करी. "फ्रीजरमधला बर्फ चाकूने खरवडायचा नाही. बंद करा, दार उघडं ठेवा, वाट बघा. बर्फ आपोआप जातो. चाकू लावलात तर नळी फुटते, मग मी येतो आणि मग तुम्ही रडता." हे ऐकून बायाबापड्या माना डोलावत, आणि घरी जाऊन चाकू लावत, आणि रडत. त्यावर गारठ्याचं पोट चालत होतं.

आता जे घडलं ते याच माणसाच्या हातून घडावं, याला काय म्हणायचं?

गारठ्याची एकुलती लेक त्याच गावात दिली होती. तिच्या सासऱ्यांचं मटणाचं दुकान होतं. हे व्याहीबुवा म्हणजे आडवा बांधा, दणदणीत आवाज, आणि दुसरी माणसं श्वास घेतात तशा सहजतेने तक्रार करणारा गृहस्थ. चहा आला की गोड, नाही आला की उशीर. रस्ता झाला की खडबडीत, गुळगुळीत झाला की घसरडा. गारठ्याच्या घरी ते आले की आधी खुर्चीला नावं ठेवत आणि मग तिच्यातच दुपारभर बसत. लेकीच्या लग्नात त्यांनी मांडवापासून पानाच्या विड्यापर्यंत कशालाही सोडलं नव्हतं, आणि निघताना गारठ्याला मिठी मारून रडले होते. त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे दोन्ही घरांना पाठ झालं होतं.

दुकानाच्या भिंतीवर एक चाकू टांगलेला असे. तो व्याहीबुवांच्या वडिलांचा. जन्मभर धार लावून लावून झिजलेला, जिभेसारखा निमुळता, पोटाशी किंचित वाकलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दुकानाचा कायदा होता. सख्ख्या मुलालाही परवानगी नव्हती.

एका सकाळी दुकानातला डीप फ्रीजर बंद पडला म्हणून गारठ्याला बोलावणं आलं. झाकण उघडलं तर आत बर्फाचा डोंगर, आणि नळीचा जोड नेमका त्याच्या पोटात. नियमाप्रमाणे वाट बघायला हवी होती. पण समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि डोक्यावर व्याहीबुवा.

"व्याही, हा बर्फ वितळेपर्यंत थांबायचं तर माझी सगळी गिऱ्हाइकं शाकाहारी होतील!"

"जरा दम धरा."

"दम काय धरू? मटणाने दम धरायला नको का?"

रांगेतले लोक हसले. गारठ्याचे कान तापले. त्याचा हात मागे भिंतीकडे गेला, हाताला काहीतरी धारदार लागलं, आणि त्याने ते बर्फात खुपसून तिरकं दाबलं. ताडकन आवाज झाला. बर्फाला काही झालं नव्हतं. चाकूचं टोक बर्फात राहिलं होतं आणि उरलेला चाकू गारठ्याच्या हातात.

रांगेतलं हसू विरलं. आतल्या दारात लेक उभी होती, तिने तोंडावर हात धरला. व्याहीबुवा जवळ आले, त्यांनी तुटका चाकू हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"असू दे," ते म्हणाले. "लोखंडच ते."

मग त्यांनी चहा मागवला. चहा पाणचट होता, कोमट होता, कपाच्या कानाला चीर गेलेली होती. व्याहीबुवांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप खाली ठेवला. एक अक्षर बोलले नाहीत.

गारठ्याला तेव्हाच कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

*

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला.

"बाबा, काल सासरे म्हणाले भाजी छान झालीय."

"मग?"

"मग काय! सासूबाई घाबरल्या ना. भाजी करपलेली होती. त्या म्हणतात डॉक्टरांना दाखवून आणू."

"आणखी काही म्हणाले?"

"पंखा बरा चाललाय म्हणाले. बाबा, पंखा बंद होता."

गारठ्याने मुकाट्याने बाजार गाठला आणि मिळाला त्यातला सगळ्यात उत्तम चाकू आणला. लखलखीत, मखमली अस्तराच्या डबीतला. तो घेऊन दुकानात गेला. व्याहीबुवांनी उठून स्वागत केलं, खुर्ची पुसून दिली, डबी उघडून पाहिली.

"छान आहे. कशाला त्रास घेतलात?" असं म्हणून त्यांनी ती डबी खणात ठेवली आणि खण बंद केला. निघताना ते गारठ्याला दारापर्यंत सोडायला आले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"छान आहे म्हणाले."

"अगं बाई!" बायको मटकन खाली बसली.

"खुर्ची पुसून दिली मला."

"आता हो काय करायचं? पोरीला त्याच घरात राहायचंय." ती पदराशी चाळा करत राहिली. "इतकी वर्षं घरचे होतो आपण तिथे. आता पाहुणे झालो."

गारठ्याला जेवण गेलं नाही. मोबाइल घेऊन तो उगाच काहीबाही बघत बसला. बघता बघता त्यात एक दाढीवाला निघाला. तो आपल्या परसात बसून लोखंडाच्या तुकड्याचा चाकू करत होता. त्याच्यापुढे लहानशी भट्टी होती, गॅसवर चालणारी, आडव्या पिंपासारखी. गारठा पुढे झुकला. ते पिंप त्याने ओळखलं. फ्रीजमध्ये भरायचा गॅस ज्या टाकीतून येतो तसलीच ती रिकामी टाकी होती. तशा टाक्यांची उतरंड त्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती.

"मी चाकू करणार," त्याने जाहीर केलं.

"तुम्ही? तुम्हाला कांदा चिरता येत नाही."

"चिरायचा कुठाय, करायचाय."

"अहो, जन्मभर थंड करत आलात तुम्ही. तुम्हाला भट्टी कशी जमायची?"

"फ्रीज म्हणजे तरी काय? आतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची. आजवर बाहेर टाकली, आता आत ठेवतो." बायकोशी एका दमात इतकं तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असावा. बायकोने त्याला नीट निरखून पाहिलं. मग म्हणाली, "शेडच्या आत नाही पेटवायची. बाहेर अंगणात काय ते करा. आणि आधी बादली भरून ठेवा."

*

कामाला लागल्यावर मात्र गारठ्याचा हात कुठे अडला नाही. टाकीतला उरलासुरला गॅस त्याने यंत्राने दुसऱ्या टाकीत ओढून घेतला, झडप काढून टाकली, टाकी पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा ओतली आणि मगच तिचं तोंड कापलं. भट्ट्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून पांढरी लोकर आणली, जी कितीही तापली तरी जळत नाही. ती टाकीच्या आतून पोटभर चिकटवली. त्या लोकरीचे तंतू नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे.

"बँकेवर दरोडा आहे का आज?" बायकोने विचारलं.

लोकरीवर त्याने भट्टीच्या मातीचा गिलावा दिला. तळाला भट्टीची वीट बसवली. ज्योतीसाठी लोखंडी पाइप तयार केला. त्या पाइपाच्या मागच्या तोंडाशी गॅसची बारीक चिळकांडी सोडायची असते. गारठ्याने त्यासाठी फ्रीजमधलीच केसासारखी बारीक तांब्याची नळी वापरली आणि स्वतःवरच खूश झाला. गॅसच्या सिलिंडरला जास्त दाबाचा रेग्युलेटर, नवा रबरी पाइप, आवळपट्ट्या. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा आला नाही.

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. पण मग त्याची नजर त्या दाढीवाल्याच्या भट्टीवर पुन्हा गेली, आणि तो नाराज झाला. दाढीवाल्याच्या ज्योतीच्या पाइपाचं मागचं तोंड चक्क उघडं होतं. भट्टीच्या पाठीमागेही एक भोक तसंच सोडलेलं. पुढे दार म्हणाल तर दोन विटा, त्याही फट ठेवून लावलेल्या.

"गलथान काम," गारठा म्हणाला. "सगळी उष्णता गळून जायची."

त्याने पाइपाचं तोंड टोपण लावून बंद केलं. मागचं भोक लोकर कोंबून बुजवलं. आणि पुढे त्याने आपल्या कलेचा कळस केला. जुन्या फ्रीजच्या पत्र्याचं बिजागरीचं दार बसवलं, आणि दाराला भोवताली फ्रीजचंच रबर लावलं, आत लोहचुंबकाची पट्टी असलेलं, नवंकोरं.

मग त्याने बायकोला बोलावलं आणि तिच्या देखत दार लोटलं. फप्प.

"ऐकलंस?"

"ऐकलं," बायको वाकून बघत म्हणाली. "आत दिवा लागतो का?"

गारठ्याने दार उघडून पुन्हा एकदा लोटलं.

भट्टी पेटवण्याचा मुहूर्त त्याने सकाळचा धरला. दार उघडं ठेवून काडी लावली, गॅस सोडला. आतून एक पिवळी, आळशी ज्योत बाहेर आली आणि झोपेतून उठलेल्या मांजरासारखी आळोखेपिळोखे देऊ लागली. तापायचं नाव नाही. नुसती काजळी. गारठ्याने गॅस वाढवला, तर ज्योत आणखी लांब झाली आणि तिने दाराच्या रबराला जीभ लावली. रबर आधी चकाकलं, मग पाघळलं, मग त्याचा असा काही धूर निघाला की अंगणातलं काही दिसेना. गारठ्याने झडप घालून गॅस बंद केला हे खरं, पण वारा भलत्याच दिशेचा होता.

शेजारी नर्सबाई राहत. त्यांचे पांढरेशुभ्र गणवेश दोरीवर वाळत होते. आता ते पांढरेही राहिले नव्हते आणि शुभ्रही.

"अहो गारठेभाऊ!" भिंतीवरून नर्सबाईंचं डोकं उगवलं. "उद्या मी वॉर्डात जाऊ की कोळशाच्या वखारीत?"

"चुकलं," गारठा म्हणाला.

"चुकलं काय चुकलं! पेशंट मला बघून घाबरले पाहिजेत का?"

ते कपडे बायकोने धुतले. सबंध दुपार धुतले. धुताना ती काही बोलली नाही, आणि गारठ्याच्या मनात आलं, की आता घरोघरी माणसं गप्प बसायला लागली तर आपण जायचं कुठे?

संध्याकाळी ती चहा टाकायला ओट्याशी गेली आणि तिने आतून हाक मारली. "अहो, इकडे या. तुमची ज्योत बघा."

तो गेला. शेगडीचा एक बर्नर निळा जळत होता आणि दुसरा पिवळा. पिवळ्यावर ठेवलेलं भांडं काळं होत होतं.

"दूध उतू गेलं की याची खालची भोकं बुजतात," ती म्हणाली. "मग असं होतं. मी पिन घालून मोकळी करते. हवा नको का त्याला?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जळायला!"

गारठा ओट्याशी उभा राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत शिकला होता. पण उभ्या आयुष्यात त्याच्या धंद्यात हवा म्हणजे चोर, आणि चोरासाठी दार उघडं ठेवायचं ही कल्पनाच त्याच्या हाडांना मंजूर नव्हती. चहा पिऊन तो अंगणात भट्टीपाशी गेला. टोपणावर पाना लावला, काढला, पुन्हा लावला. बायको खिडकीतून बघत होती. शेवटी त्याने डोळे मिटून टोपण फिरवलं, दात उपटावा तसं. मागच्या भोकातली लोकर काढली. दाराच्या जागी दोन विटा आणल्या आणि मधे फट ठेवून मांडल्या. ती फट बघवेना, म्हणून आत काडी लावून तिच्याकडे पाठ केली आणि गॅस सोडला.

ज्योतीने आवाज केला. साधासुधा नाही, उतारावरून रिकामा ट्रक यावा तसा अखंड घरघराट. आत निळा रंग, मग भिंती लाल, मग नारिंगी, मग तांबूसपिवळ्या. गारठा पाहतच राहिला. त्याने हात पुढे केले. बोटं, जी लग्नाच्या वेळी बायकोने हातात घेऊन दचकून सोडली होती, ती गरम झाली.

"अगं!" तो ओरडला. "अगं, ये! फट ठेवलीय आणि तापतंय!"

*

भट्टी जमली म्हणून चाकू जमतो असं नाही. ट्रकच्या गॅरेजमधून त्याने मोडक्या कमानपाट्याचे, म्हणजे चाकांवरच्या धक्के झेलणाऱ्या पट्ट्यांचे, तुकडे आणले, कारण ते पोलाद चांगलं. ऐरण म्हणून त्याने आधी फ्रीजचा मेलेला कॉम्प्रेसर वापरला. पहिल्याच घावाला त्याला खड्डा पडला. मग भंगारातून रुळाचा तुकडा मिळाला.

पहिला नमुना त्याने बायकोपुढे ठेवला. तिने तो हातात धरून तोलला.

"उलथनं छान झालंय," ती म्हणाली, आणि खरोखरच ते वापरायला काढलं.

दुसरा नमुना लांब आणि पन्हळीसारखा झाला.

"हे काय आहे?"

"चाकू."

"असं होय. मला वाटलं बुटात पाय घालायला."

तिसरा त्याने तिला दाखवलाच नाही. त्याची अडचण त्याला कळत होती. लाल लोखंड हवं तसं हलत होतं, पण त्याला हलवायचं कसं, ते डोळ्यांपुढे येत नव्हतं. मोडलेला चाकू त्याने आयुष्यात एकदाच, अर्धा क्षण, पाठीमागे न बघता हातात धरला होता.

सुट्टीच्या दिवशी तो असाच भट्टीसमोर बसला होता. घरघराटात त्याला फोनही ऐकू आला नाही आणि फाटकही. मान वर केली तर समोर व्याहीबुवा उभे. कपाळावर घाम, हातात पिशवी.

"तुम्ही!" गारठा धडपडून उठला.

"बसा, बसा. फोन लागेना तुमचा. फ्रीजरने पुन्हा मान टाकलीय, म्हणून आलो. पण असू दे, तुमचं चालू द्या. घाई नाही."

घाई नाही! व्याहीबुवांच्या तोंडून हे शब्द गारठ्याने प्रथमच ऐकले. तो गॅस बंद करायला वळला, तर व्याहीबुवा एक खोकं ओढून बसलेही होते.

"छान पेटलीय," ते म्हणाले. "चाकू करताय, असं सूनबाई म्हणत होती."

"प्रयत्न."

"छान, छान."

आता बंद करावं की चालू ठेवावं हे गारठ्याला कळेना. आत एक तुकडा लालभडक होऊन बसला होता. त्याने सांडशीने तो बाहेर काढला, रुळावर ठेवला आणि हातोडा मारायला सुरुवात केली. व्याहीबुवा गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. दोन घाव झाले. त्यांची बोटं हलायला लागली. आणखी दोन. त्यांनी ओठ दाबले. गारठ्याने तुकडा फिरवला आणि जिथे चाकूचं पोट यायला हवं नेमकी तिथेच एक जोराची घातली.

"अहो काय करताय!" व्याहीबुवा खोक्यावरून उसळले. "चाकू आहे का कुदळ आहे ती? पोट कुठाय त्याला? पोट! सपाट केलंत सगळं! मांस काय खरवडून काढायचंय याने? आणि हातोडा असा धरतात? धोबी बरा! माझ्या बापाचा चाकू मोडलात तो मोडलात, आता हा जन्माला यायच्या आधीच मारताय!"

भट्टी घरघरत राहिली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. व्याहीबुवांचं तोंड उघडं तसंच राहिलं, आणि मग त्यांनी ते हाताने झाकलं.

गारठ्याने हातोडा खाली ठेवला. "हे तेव्हाच का नाही बोललात?"

"कसं बोलणार? सूनबाई दारात उभी होती. तिच्या देखत तिच्या बापाला बोलू?" व्याहीबुवा खोक्यावर बसले. "एक गोष्ट गिळली, तर तिच्या मागची सगळीच अडकली हो. चहाला नाव ठेवायला तोंड उघडलं की तोच चाकू वर यायचा. म्हणून म्हटलं, छान. सगळंच छान. जीव गुदमरला माझा."

"माझं चुकलं, व्याहीबुवा. जन्मभर लोकांना सांगत आलो, बर्फाला चाकू लावू नका."

"तेच ना! दुसऱ्या कुणी मोडला असता तर एक वेळ माफ केलं असतं. तुम्ही मोडलात! तुम्ही!"

"अगदी बरोबर."

"आणि तो मखमलीच्या डबीतला कशाला आणलात? मी काय नवरी आहे?"

"बरोबर."

"आणि त्या दिवशीचा चहा! तो चहा होता?"

"व्याहीबुवा, तो तुमच्या दुकानातला होता."

"म्हणून काय झालं? वाईट तो वाईट!"

स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

मग व्याहीबुवांनी पिशवीत हात घालून फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं. तुटलेला चाकू. मोडल्यापासून ते तो सगळीकडे बरोबर वागवत होते. त्यांनी तो रुळाशेजारी विटेवर ठेवला आणि टोकाची गेलेली लांबी बोटाने मातीत रेघ ओढून पुरी केली.

"हा असा," ते म्हणाले. "इथे वाक. इथून निमुळता. पाठ जाड ठेवा, सगळीकडे बडवत सुटू नका. आणि ती भट्टीची फट जरा मोठी करा, दिसत नाही काही."

गारठ्याने, ज्याने आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून फट मोठी केली नव्हती, वीट सरकवली.

दुपारभर त्या अंगणात जो कल्लोळ झाला तो नर्सबाई भिंतीवर कोपर टेकून ऐकत होत्या. "वर! अहो वर! ते तुमचं वर आहे का?" "तुम्ही पलीकडे व्हा, उजेड अडवताय." "मी अडवत नाही, मी जाड आहे!" "आता थंड झाला, पुन्हा घाला." "थंड करण्यात तर तुमचा हातखंडा!" एकदा व्याहीबुवांनी सांडशी हिसकावून घेतली आणि दोन घाव घालून परत दिली, कारण त्यांच्या घावाने तुकडा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उडाला होता. गारठ्याने तो सांडशीने उचलून आणला. मग नुसतं बघितलं. "बघू नका तसं," व्याहीबुवा म्हणाले.

उन्हं कलली तेव्हा रुळावर एक चाकू होता. जरासा जाड, पण पोट असलेला. गारठ्याने कानशीने तो घासून घासून नीट केला, पुन्हा तापवला, आणि वायरीला बांधलेलं लोहचुंबक त्याला चिकटेनासं झालं, म्हणजे तो हवा तितका तापला, तसा तो कोमट तेलात सरळ उभा बुडवला. भपकन ज्वाळा उठली. व्याहीबुवा दोन पावलं मागे झाले आणि नर्सबाई भिंतीवरून दिसेनाशा झाल्या.

"आता याला मंद आचेवर शेकायला हवं," गारठा म्हणाला, "नाहीतर काचेसारखा तडकायचा." आणि त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"माझ्या ओव्हनमध्ये?" बायको म्हणाली. "त्या तेलकट धुडाला?"

"विहीणबाई, केकपेक्षा बरा लागेल," व्याहीबुवा म्हणाले. "मागच्या वेळचा केक फार कोरडा होता."

बायकोने मुकाट्याने ओव्हनचं दार उघडलं. इतका आनंदाने सोसलेला अपमान त्या घरात पूर्वी कधी झाला नसेल.

ओव्हनमध्ये शेकून चाकू वाळलेल्या गवताच्या रंगावर आला तेव्हा व्याहीबुवा तिसरा चहा पीत होते. अचानक त्यांनी कप आपटला.

"अहो, माझा फ्रीजर!"

दोघं पिशवी आणि पाने घेऊन धावत सुटले. पोचेपर्यंत डीप फ्रीजरमधला बर्फ जाऊन आत पाणी झालं होतं. बिघाड होता एका सैल वायरीचा. व्याहीबुवांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना मटण वाटून टाकलं आणि प्रत्येकाला, हे कुणामुळे मिळालं, ते नाव घेऊन सांगितलं. गारठा शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

चाकूला मूठ बसली, धार लागली, आणि लेक येऊन तो घेऊन गेली. त्यानंतरचा दिवस गारठ्याने शेडमध्ये काढला, पण एकाही फ्रीजला धड हात लावला नाही. एक स्क्रू घट्ट करायचा, पुन्हा सैल करायचा. बायको दोनदा येऊन काही न विचारता गेली.

संध्याकाळी फोन वाजला. गारठ्याने तो कानाला लावला आणि लगेच हातभर दूर धरला.

"व्याही! मूठ काय बसवलीत? मुसळ आहे का? हात दुखून आला माझा! पाठ जड, टोक डावीकडे झुकलंय, लोक विचारतात हा चाकू कुणी केला, काय सांगू त्यांना? दिवसभर यानेच कापत बसलो, दुसरा हातात घेतला नाही, म्हणून एवढं कळलं! ऐकताय ना? येत्या सुट्टीला भट्टी पेटवून ठेवा. दुसरा करायचा. हातोडा मी मारणार. तुम्हाला अजिबात मारता येत नाही!"

बायको पोळपाट तसाच टाकून धावत आली. "काय म्हणतायत?"

गारठ्याने फोन तिच्या कानाकडे नेला. ती ऐकू लागली. पलीकडून आता चहाचा विषय निघाला होता.